पाहुण्याची तक्रार

'अतिथी' या शब्दाची जी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते, तीत एक गंमत आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. न कळवता, वेळी-अवेळी दाराशी येऊन उभा राहणारा हा मनुष्य. त्याला पाणी द्यावे, चार घास वाढावेत आणि त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नये, असा गृहस्थाचा धर्म. मालवण, गुहागर, दापोली, दिवेआगर या बाजूच्या घरांतून आज जो पाहुणा उतरतो, त्याची तिथी मात्र महिनाभर आधी ठरलेली असते. माणसे किती, रात्री किती, मासे खाणारे कोण आणि न खाणारे कोण, हे सारे त्याने कळविलेले असते. आगाऊ रक्कमही पोचती केलेली असते. त्याला अतिथी म्हणणे हे भाषेचे औदार्य होय. वस्तुतः तो ग्राहक आहे. परंतु हा ग्राहक दुकानात येत नाही, कोणाच्या तरी राहत्या घरात येतो. त्याची तक्रार उद्भवली की जी अडचण होते, तिचे मूळ या एका गोष्टीत आहे.

परक्याला घरात घेऊन त्याच्याकडून मोबदला घेण्याची रीत काही नवी नव्हे. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे, किंवा दूर काशीस आणि गयेस जाणारी मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या उपाध्यायांच्या घरी उतरत आली आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, धर्मशाळेच्या चालकाने उतारूंची खबर नगराच्या अधिकाऱ्यास द्यावी, असा नियम सापडतो. इंग्रजी अमलात १८६७ साली सरायांसंबंधी एक कायदा झाला. सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या, विहिरी आणि गटारे स्वच्छ ठेवावीत, भिंती व छपरे दुरुस्त राखावीत, उतारूंच्या आणि त्यांच्या जनावरांच्या रक्षणासाठी पहारेकरी ठेवावा आणि दरांचा तक्ता लोकांस दिसेल अशा जागी लावावा, अशी कर्तव्ये त्यात घालून दिलेली होती. यांपैकी शेवटचे कर्तव्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काय मिळेल आणि त्याचे किती पडतील हे आधी उघड सांगितले, तर पुष्कळशी भांडणे जन्मासच येत नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पुरती सुरू झाली. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यावरील घरांनी आपल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या करण्यास आरंभ केला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची आणि केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाची निवास-न्याहारी योजना याच प्रकारच्या घरांसाठी आहे. मंत्रालयाच्या योजनेत खोल्या सहापेक्षा अधिक असता कामा नयेत आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. अट चांगलीच आहे. पण तिचा एक अर्थ असा की, तक्रार ऐकणारा आणि जिच्याविषयी तक्रार आहे ती व्यक्ती, ही बहुधा एकच असते. हॉटेलातील व्यवस्थापकास 'आमटी खारट झाली' असे सांगितले, तर तो स्वयंपाक्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. येथे आमटी ज्या हातांनी केली, त्याच हातांत ताट असते. चादर जिने धुतली तिलाच ती मळकी आहे असे ऐकावे लागते. ज्या घरात सासू-सासऱ्यांचे आयुष्य गेले, त्याला कुबट वास येतो, असे काल आलेला एक अनोळखी मनुष्य म्हणतो. हा घाव वर्मी लागतो. आणि वर्मी लागलेल्या माणसाकडून शांतपणे उत्तर दिले जाणे कठीण असते.

दुसरी अडचण नात्याच्या शब्दांची आहे. पाहुणे आले की पहिल्या चहालाच 'काकू', 'वहिनी', 'मामा' अशी हाक सुरू होते. घरच्यांनाही ते गोड वाटते. परंतु एकदा काकू म्हटल्यावर 'काकू, न्हाणीघराची कडी लागत नाही, आणि आम्ही पैसे दिले आहेत' असे तोंडावर कसे म्हणावे? मग पाहुणा ते म्हणतच नाही. हसतमुखाने निरोप घेतो, आजीच्या पाया पडतो, आवळ्याचे सरबत आणि कोकमाची पिशवी घेऊन जातो. आणि घाट चढून गेल्यावर, रात्री घरी पोचल्यावर, फोनवर चार कडक ओळी लिहितो. त्या ओळी वाचून घरातली माणसे चकित होतात. 'इतके गोड बोलत होते, आणि असे कसे लिहिले?' यात पाहुण्याचा दुटप्पीपणा असतोच असे नव्हे. नात्याने त्याचे तोंड बांधले होते, एवढाच त्याचा अर्थ.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, असमाधानी ग्राहकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: निमूटपणे निघून जाणे किंवा आवाज उठविणे. जो निघून जातो तो आपण का गेलो हे सांगत नाही. जो बोलतो तो निदान सुधारण्याची एक संधी देतो. या दृष्टीने पाहिले तर समोर उभा राहून भांडणारा पाहुणा हा त्या घराचा शत्रू नव्हे. म्हणून जाणती घरे तक्रारीची वाट पाहत बसत नाहीत. पहिल्या दिवशी सायंकाळी, सामान लावून झाल्यावर, 'पाणी येते ना नीट? पंखा, दिवा, कडी सगळे पाहून घ्या. काही कमी असेल तर आत्ताच सांगा, आत्ता करता येईल' असे स्वतःहून विचारतात. 'सगळे ठीक ना?' या प्रश्नास 'हो, हो' याखेरीज उत्तर येत नाही. पाणी, पंखा, कडी अशी नावे घेऊन विचारले की उत्तरही नेमके येते.

प्रत्यक्ष तक्रार येते तेव्हा काय होते, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून पाहणे बरे. मे महिन्यातील रात्र आहे, वळवाचा पाऊस झाला आहे. माडाची झावळी तारांवर पडते आणि गावाची वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे. त्यावर दिवे आणि पंखे चालतात, वातानुकूलन यंत्र चालत नाही. पुण्याहून आलेल्या कुटुंबात एक लहान मूल आहे, ते उकाड्याने रडते आहे. साडेअकरा वाजता गृहस्थ दार वाजवितात आणि म्हणतात, 'वातानुकूलित खोली म्हणून पैसे घेतलेत, ही फसवणूक आहे.'

या क्षणी तोंडात येणारे उत्तर प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. 'वीज काय आम्ही घालवली? साऱ्या गावाची गेली आहे.' हे उत्तर सत्य आहे, आणि तरीही ते निरुपयोगी आहे. पाहुण्याने वीज कोणी घालविली असे विचारलेले नाही. मुलाला झोप कशी लागेल, हे त्याला हवे आहे. 'फसवणूक' हा शब्द त्याच्या तोंडून गेला तो संतापाने. त्या शब्दाशी झुंजत बसले की मूळ गोष्ट बाजूला पडते आणि दोन घरंदाज माणसे मध्यरात्री ओसरीवर एकमेकांची नीतिमत्ता तपासू लागतात.

अनुभवी यजमान अशा वेळी प्रथम पूर्ण ऐकून घेतो; मध्ये बोलत नाही. मग उठून खोलीत जाऊन स्वतः पाहतो. हे जाणे फार महत्त्वाचे आहे. अंगणातून दिलेले आश्वासन आणि खोलीत येऊन घेतलेला अंदाज यांत पाहुण्याला फरक कळतो. त्यानंतर तो आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे वेगळे करून सांगतो: 'वीज कधी येईल ते माझ्या हाती नाही, वीजमंडळाच्या माणसाला फोन केला आहे, त्याने तासाभरात कळवितो म्हटले आहे. तोवर पुढच्या पडवीत वारा आहे, तेथे मच्छरदाणी लावून बाळाची गादी घालतो. बारा वाजता येऊन तुम्हाला काय कळले ते सांगतो.' आणि बारा वाजता तो खरोखरच येतो. वीज आली नसली तरी येतो. लोक उकाडा सोसतात. आपल्याला विसरून घरचे झोपी गेले, ही कल्पना मात्र सोसत नाहीत.

सकाळी पैशाची गोष्ट निघते. निघाली नाही तर यजमानानेच ती काढावी, हे उत्तम. समजा, पंखा असलेल्या खोलीचे भाडे एका रात्रीस २,००० रुपये आणि वातानुकूलित खोलीचे २,८०० रुपये आहे. मग त्या रात्रीचे ८०० रुपये परत करणे, हा सरळ हिशेब झाला. जे दिले गेले नाही त्याचे पैसे घेऊ नयेत. सगळे भाडे परत देण्याचे कारण नाही, आणि 'निसर्गापुढे इलाज नाही' म्हणून काहीच न देणे हेही न्याय्य नाही. हे पैसे परत देताना 'तेवढे चांगले लिहा बरे का' असे जो म्हणतो, तो मात्र केलेल्या कृतीवर पाणी ओततो. परताव्याला अशी अट जोडली की ती लाच होते. एअरबीएनबीसारख्या आरक्षण करून देणाऱ्या संस्थांनाही ते मान्य नाही. पाहुण्याने 'पैसे परत द्या, नाहीतर वाईट लिहीन' अशी धमकी दिली, तर तेही नियमाविरुद्धच ठरते. शिवाय हा प्रसंग पुढच्या खेपेस टाळता येण्यासारखा असतो. आरक्षण घेतानाच 'वीज गेल्यास दिवे-पंखे चालतील, वातानुकूलन चालणार नाही' एवढे एक वाक्य लिहिले असते, तर मध्यरात्री 'फसवणूक' हा शब्द उच्चारला गेला नसता.

पुष्कळ तक्रारी अशा न सांगितलेल्या गोष्टींतूनच उगवतात. 'समुद्रकिनारी' असे लिहिलेले असते आणि समुद्र माडांच्या बागेपलीकडे पंधरा मिनिटांच्या चालीवर असतो. यजमानाच्या दृष्टीने ते किनारीच आहे, कारण गाजेचा आवाज त्याच्या अंथरुणापर्यंत येतो. नागपूरच्या पाहुण्याने मात्र खिडकीतून पाणी दिसेल अशी कल्पना केलेली असते. छायाचित्र चार वर्षांपूर्वीचे, रंग नवा असतानाचे असते. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, पोपडे येतात, पाल दिसते. कोकणातल्या माणसाला यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, आणि न सांगण्याची चूक तेथेच होते. जुलै महिन्यात सुरमई मिळाली नाही म्हणून रागावलेला पाहुणा तर दरवर्षी भेटतो. राज्याच्या सागरी जलधिक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आहे. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'सध्या बंदी आहे, खाडीतले जे मिळेल ते करू, नाहीतर सुक्या बांगड्याची चटणी आणि कुळथाची पिठी' असे आधीच कळविले, तर तो कदाचित त्या पिठीसाठीच येईल.

तथापि सर्व पाहुणे सत्यवादी आणि सर्व तक्रारी साधार असतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दोन दिवस पोटभर जेवून निघताना बिल कमी करून घेण्यासाठी दोष शोधणारे लोक असतात. चौघांचे सांगून सात जण आणणारे असतात. अशा वेळी यजमानाचा खरा आधार कागद हा आहे. आलेल्या माणसांची नोंदवही, दिलेली पावती, आधी पाठविलेले नियम, तक्रारीनंतर लगेच काढलेले छायाचित्र, 'आपण ८ वाजता सांगितले, ९ वाजता नळ दुरुस्त केला' असा त्याच दिवशी पाठविलेला संदेश, एवढे असले की आवाज चढविण्याचे कारण उरत नाही. नोंदवही तर ठेवलीच पाहिजे. परदेशी पाहुणा उतरला असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि नकार द्यावयाचा झाल्यास तो एकदाच, सौम्य आणि स्पष्ट शब्दांत द्यावा. तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा हो म्हणणारा यजमान पाहुण्याला चुकीचा धडा शिकवितो. शिवीगाळ, धक्काबुक्की किंवा घरातील स्त्रियांशी गैरवर्तन झाल्यास मात्र सौजन्याची परीक्षा देत बसू नये. ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे.

शेजाऱ्यांची तक्रार हा आणखी एक प्रकार. रात्री अंगणात ध्वनिक्षेपक लावून नाचणाऱ्या पाहुण्यांना यजमान भिडेपोटी थांबवीत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. तो नियम सांगण्यात संकोच नसावा. पाहुणे रविवारी जातात, शेजारी सोमवारीही तेथेच असतो.

आता त्या लिहून ठेवलेल्या मताचा प्रश्न. त्याची भीती का वाटते, हे साध्या अंकगणिताने कळते. दहा पाहुण्यांपैकी नऊ जणांनी पाचपैकी पाच गुण दिले आणि एकाने एक, तर सरासरी ४.६ होते. एअरबीएनबीवर विशेष यजमान म्हणून गणले जाण्यास ४.८ ची सरासरी लागते. ४.६ वरून ४.८ पर्यंत पोचावयाचे, तर यापुढील दहाच्या दहा पाहुण्यांनी पूर्ण गुण दिले पाहिजेत. मोठ्या हॉटेलात दहा पाहुणे एका सकाळी येतात. दोन खोल्यांच्या घरात, दिवाळी, नाताळ आणि मे एवढाच ज्याचा हंगाम, त्याला ते दहा पाहुणे मिळविण्यास महिने लागतात. मुंबईतल्या मुलाच्या पगाराकडे डोळे न लावता गावात राहता यावे, छपराची दुरुस्ती आणि म्हाताऱ्यांची औषधे यांतून निघावीत, एवढ्यासाठी हा उद्योग मांडलेला असतो. तेव्हा एका मनुष्याच्या रागावर एवढे अवलंबून असावे का, हा प्रश्न यजमानाने विचारला तर तो गैर नाही. त्याच संस्थेच्या पद्धतीत यजमान आणि पाहुणा यांना परस्परांविषयी लिहिण्यास १४ दिवस मिळतात आणि दोघांनी लिहिल्याखेरीज किंवा ती मुदत संपल्याखेरीज कोणाचेही लिखाण दिसत नाही. सूडाने लिहिण्यास त्यामुळे थोडा आळा बसतो. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ च्या नोव्हेंबरात अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्यापासून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

लिहिले गेलेले मत पुसण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याखाली चांगले उत्तर लिहिणे अधिक लाभाचे असते. ते उत्तर रागावलेल्या पाहुण्यासाठी नसतेच. तो परत येणार नाही. पुढे येऊ पाहणारा कोणी कुटुंबप्रमुख ते वाचणार असतो. आरोपांची दहा खंडने वाचून त्याला घरमालक भांडखोर वाटतो. उलट, 'त्या रात्री पाच तास वीज नव्हती हे खरे आहे. आपल्या बाळाला त्रास झाला याचे वाईट वाटते. त्या रात्रीचा फरक आम्ही परत केला. जेवण उशिरा मिळाले असे आपण म्हणता. आमच्या आठवणीप्रमाणे पाने साडेआठला मांडली होती. आता खोलीत हाताने वारा घेण्यास पंखेही ठेवले आहेत' असे वाचले म्हणजे त्याला घरातल्या माणसांचा स्वभाव कळतो. असे उत्तर मत वाचल्याच्या रात्री लिहिले जात नाही. ते दुसऱ्या दिवशी लिहावे, आणि ज्याचे मन दुखावले आहे त्याने न लिहिता घरातल्या दुसऱ्या कोणी लिहावे.

वाद विकोपास गेला तर कायदा आहे, आणि त्याबाबत घरमालकांत बरेच अज्ञान आढळते. घर छोटे, खोल्या दोनच, म्हणून आपल्याला ग्राहक कायदा लागू नाही, असा एक समज आहे. मोबदला घेऊन सेवा दिली की कायदा लागू होतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जेथे प्रकार घडला तेथे करावी लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने हे बदलले. ग्राहक आता स्वतः राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करू शकतो, आणि त्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत असते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. म्हणजे तारकर्लीच्या घराविषयीची तक्रार इंदूरला किंवा दिल्लीला दाखल होऊ शकते. आरक्षण एखाद्या संस्थेमार्फत झाले असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या संस्थेच्या तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण केले पाहिजे. पाहुण्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही दाद मागता येते. ८०० रुपयांचा फरक सकाळी ओसरीवर परत करावा की त्यासाठी दोन राज्ये ओलांडून तारखेस हजर राहावे, याचा हिशेब घरमालकाने स्वतःच करावा.

काही घरांतून स्वयंपाकघराच्या फडताळात एक साधी वही असते. तीत पाहुण्याचे नाव नसते. फक्त तारीख, खोली आणि कोणी काय म्हटले एवढेच. हंगाम संपल्यावर ती वाचली जाते. 'मागची खोली – कडी', 'मागची खोली – ओल', 'मागची खोली – रात्री झोप नाही' असे एकाच खोलीविषयी तीन निरनिराळ्या महिन्यांत तिघांनी म्हटलेले आढळते. तिसऱ्या पाहुण्याला त्या वेळी घरच्यांनी कटकट्या ठरविलेले असते. मग पाऊस उघडल्यावर ती भिंत खरवडतात, सुतार येऊन चौकट नीट बसवितो आणि दिवाळीपूर्वी त्या खोलीची नवी छायाचित्रे काढली जातात.